तरसाचे हात

मुंबईत असताना मी बालनाट्यांसाठी अस्वलं, माकडं आणि ससे शिवत होते. मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोगांची रीघ लागायची आणि आमच्या खोलीत मखमल आणि स्पंजाच्या ढिगातून वाट काढत मशीनपर्यंत पोचावं लागायचं. नाटकातल्या अस्वलाचं एक बरं असतं. ते लांबून बघायचं असतं, दिव्यांच्या उजेडात बघायचं असतं, आणि प्रवेश संपला की ते विंगेत येऊन डोकं काढतं नि चहा पितं. मानेमागची टीप उसवली तर पुढच्या प्रयोगापर्यंत सेफ्टी पिनेवर निभावतं.

पिट्सबर्गला आल्यावर मी ज्या कामात शिरले त्यात यातलं काहीच चालत नाही. इथं मी शिवते त्या प्राण्यांच्या अंगावरून लोक हात फिरवतात, मुलं त्यांना मिठ्या मारतात, फोटो दोन फुटांवरून निघतात. आणि आतला माणूस नट नसतो. तो प्राणी त्यानं स्वतः कल्पिलेला असतो, त्याला नाव दिलेलं असतं, कित्येकदा शाळेच्या वहीपासून तो त्याच्याबरोबर असतो. या अंगभर पोशाखाला फरसूट म्हणतात. माणसासारखे बोलणारे-वागणारे प्राणी कल्पायची हौस असलेली ही मंडळी स्वतःला फरी म्हणवतात. व्यंगचित्रं, अ‍ॅनिमेशन, विज्ञानकथा यांच्या चाहत्यांतून ती हळूहळू वेगळी झाली. त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन १९८९च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला भरलं. आमच्या गावात अँथ्रोकॉन नावाचं संमेलन २००६ पासून, करोनाचा खंड सोडला तर, दर उन्हाळ्यात अलेगेनी नदीकाठच्या डेव्हिड एल. लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. २०२४ साली सतरा हजारांवर माणसं आली होती. बहुतेकांकडे असा पोशाख नसतोच. ज्यांच्याकडे असतो ते मिरवणुकीत निघतात आणि सगळं गाव रस्त्यावर बघायला येतं.

इथल्या मराठी मंडळात ‘म्हणजे तू नक्की काय करतेस?’ हा प्रश्न थोड्या दबक्या आवाजात येतो. मी म्हणते, शिवणकाम. खोटं काहीच नाही.

आमचं कारखानावजा दुकान तीन माणसांचं. मालकीण डोकी कोरते, एक मुलगा पंजे आणि शेपट्या करतो, आणि माझ्याकडे बेतण्याचं काम. म्हणजे कापडाला ब्लेड लागण्याआधी जे जे ठरायला हवं ते कागदावर ठरवणं. लोकांना वाटतं की ते गिऱ्हाईकानं चित्रात ठरवलेलंच असतं. चित्र येतं खरं, आणि चांगलं तपशीलवार येतं: प्राणी समोरून, बाजूनं, पाठमोरा, खाली रंगांचे चौकोन, कानातली बाळी कुठल्या बाजूला ते बाणानं दाखवलेलं. त्या कागदावर फक्त माणूस नसतो. त्याचा चष्मा नसतो, घाम नसतो, त्याला जिने चढायचे असतात ते नसतं. माझं काम त्या कागदात माणूस बसवण्याचं.

मी ज्याची गोष्ट सांगते आहे तो इस्पितळात रात्रपाळी करणारा एक तरुण नर्स. त्याचा प्राणी पट्टेरी तरस. आमच्याकडे लांडगे, कोल्हे आणि कुत्रे खंडीनं येतात, मांजरकुळातले येतात, ड्रॅगनही येतात. तरस आले तरी ते बहुधा आफ्रिकेतले ठिपक्यांचे, ते हसणारे. पट्टेरी तरस म्हणजे आपल्या माळरानावरचं, पुरंदर-बारामतीच्या बाजूचं. हे फारसा आवाज न करता आपल्या वाटेनं जाणारं जनावर. मी सासवडच्या मावशीला फोन केला, कारण ते तिनं रात्रीच्या पाण्याच्या पाळीला जाताना पाहिलेलं होतं.

“तरस मागून बसल्यागत चालतं बघ,” मावशी म्हणाली. “पुढचे पाय उंच, पाठ उतरती. अन् कुत्री भुंकायला लागली की पाठीवरचे केस असे फुलवतं, दुप्पट दिसतं. तुला गं काय करायचंय?”

“एकाला व्हायचंय, मावशी.”

“अमेरिकेत? तरस?” ती थोडी थांबली. “असू दे. हौसेला मोल नसतं.”

मोल काही हजार डॉलर असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

चित्र मंजूर करण्याआधी आम्ही एक प्रश्नांचा तक्ता पाठवतो. उंची, वजन, बुटाचं माप हे ठीक. पण पुढं: चष्मा लागतो का? पेसमेकर आहे का? (पापण्या आणि कान आम्ही लोहचुंबकानं बसवतो.) गुडघे दुखतात का? पोशाख एकटा चढवणार की मदतीला कुणी असेल? घालून जिना चढावा लागेल का? एका वेळी किती तास? आणि शेवटचा: हातांनी काय काय करायचं आहे? याच्यापुढं लोक बहुधा ‘हात हलवणार, फोन धरणार’ असं लिहितात. त्यानं ती जागा कोरी सोडली होती. चष्म्याला हो, मदतीला कुणी नाही, जिना हो.

मापं नुसत्या टेपनं भागत नाहीत. गिऱ्हाईकानं जुने कपडे घालून उभं राहायचं, त्यावर आधी प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि मग मानेपासून घोट्यापर्यंत रुपेरी डक्ट टेप गुंडाळायची. अंगाची हुबेहूब खोळ तयार होते. गुडघे ताठ ठेवू नकोस, हे सारखं बजावावं लागतं. ताठ गुडघ्यांवर उकाड्यात उभी असलेली माणसं भोवळ येऊन पडतात. मग खोळीवर मार्करनं कंबर, कोपर, गुडघा, खांद्याचा सांधा या खुणा करायच्या, आणि बँडेज कापायच्या बोथट टोकाच्या कात्रीनं पाठीवरून चिरून खोळ उतरवायची. ती कात्री कशी सरकवायची हे त्यानंच आम्हाला दाखवलं. रोजचं काम.

खोळ रेघांवर कापली की कागदी कटिंग मिळतं, पण उभ्या माणसाचं. बसल्यावर मानेपासून बुडापर्यंतची लांबी वाढते, आणि फरचं कापड आतून चांगलं जाड असतं. अंगाबरोबर शिवलं तर पहिल्याच खुर्चीला बुडाची टीप जाईल. म्हणून मी गिऱ्हाईकाला खोळ घालायच्या आधी बसवते, वाकवते, उकिडवं करते आणि प्रत्येक वेळी टेप धरते. त्यात कुणाला लाज वाटते, कुणाला हसू येतं.

तरसाची उतरती पाठ उभ्या माणसावर येत नाही. ती फक्त भासवायची. खांद्यांवर थोडं भरण, मान जाड, आणि मागच्या पायांना मांडीवर व पोटरीच्या मागं गाद्या, म्हणजे पाय जनावरासारखा चवड्यांवर उभा असल्यासारखा दिसतो. त्याच्या चित्रातल्या मांड्या भल्या मोठ्या होत्या. जिना आणि गुडघे बघून मी त्या बऱ्याच उतरवल्या. गाद्या खिशांतून काढता येतील अशा ठेवल्या, कारण पोशाख धुवायचा असतो: गार पाण्यात, हलक्या हातानं, आणि ड्रायरमध्ये कधीच नाही. ही लव अ‍ॅक्रिलिकच्या जातीची असते. गरम हवा लागली की केसांची टोकं वितळून गुठळ्या होतात आणि त्याला इलाज नाही.

पट्ट्यांवरून थोडी घासाघीस झाली. चित्रात एका कुशीवर अकरा पट्टे होते, काही अर्ध्या इंचाचे. आमच्या अंगाच्या कापडाची लव इंचभर. अर्ध्या इंचाचा काळा पट्टा त्यात शिवला तर शेजारच्या राखाडी केसांखाली बुडून जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुठं तरी मळ लागला आहे. एअरब्रशनं रंग मारायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. नवा असताना झकास दिसतो, आणि बगलेत, मांडीत, जिथं कापड घासतं तिथं आधी जातो. मी रुंद पट्टे सुचवले, कुशीला सहा. तो नाराज होता. मग मी त्याला दाखवलं की खऱ्या पट्टेरी तरसाच्या कुशीवर साधारण पाच ते नऊच पट्टे असतात, तेव्हा तो हसला आणि मान्य झाला. निसर्ग इतका वेळेवर मदतीला सहसा येत नाही.

रंगाचे तुकडे टपालानं पाठवून खिडकीच्या उजेडात बघायला सांगितले, कारण पडद्यावरचा राखाडी आणि लवेतला राखाडी यांची गाठ पडत नाही. एकदा पसंत झालं की सगळं कापड एकाच लॉटमधून घ्यायचं. साठ इंच पन्ह्याचं पाच-सहा यार्ड लागतं. त्याच्या पाठीवर खडूनं आखायचं, प्रत्येक तुकड्यावर लवेची दिशा बाणानं काढायची, डावा-उजवा उलटवून घ्यायचा, आणि ब्लेडनं फक्त विणलेली पाठ चिरायची. कात्री चालवली तर केसही कापले जातात आणि शिवणीच्या बाजूनं भादरल्यासारखं दिसतं. हात चालायला लागला की हे काम शांत असतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

खरी डोकेदुखी आयाळीची होती. दोन कानांच्या मधून निघून शेपटीपर्यंत गेलेली लांब केसांची पट्टी. आणि चेन कुठं लावायची? पोशाखात शिरायला मानेपासून बुडापर्यंत उघडी जागा लागते. ती पाठीवर असावी असा रिवाज, आणि पाठीवर तर आयाळ. चेनीच्या दातांत चार इंचांचे केस एकदा अडकले की माणूस आत कोंडला जातो. हा एकटाच कपडे चढवणार, म्हणजे सोडवायला कुणी नाही. पुढं पोटावर लावायची म्हटलं तर तिथं फिकट, आखूड लव, शिवण लपत नाही, आणि बसल्यावर चेन फुगून वर येते. मालकीण पोटाच्या बाजूची होती. मी नव्हते.

शेवटी चेन पाठीवरच, पण मणक्याच्या दोन बोटं डावीकडे नेली. आयाळ फक्त उजव्या अंगाला शिवली. ती झाकणासारखी डावीकडे उलटते आणि टिच बटणांनी बसते. चेनीच्या दोन्ही कडांची लव कुत्र्यांचे केस कापायच्या मशीननं अर्धा-अर्धा इंच भादरली. ओढणीला लांब नाडी लावली, म्हणजे खांद्यावरून हात मागं नेऊन एकट्याला वर ओढता येते. आयाळ फुललेली दिसावी म्हणून खाली फोमची निमुळती पट्टी घातली. पोकळ भरणाचा कापूस वापरला असता तर पहिल्या खुर्चीला टेकल्यावर चपटा झाला असता. फोम पाठ सुटली की परत उभा राहतो. मावशीनं सांगितलेलं ‘दुप्पट’ झालं नाही, पण दीडपट झालं.

डोकं मालकिणीचं खातं. इंचभर जाडीचा गाद्यांचा फोम, विजेच्या सुरीनं कापलेला (ही सुरी इथल्या घरांत थँक्सगिव्हिंगला टर्की कापायला असते), हॉट ग्लूनं जोडलेला. अलीकडे बरेच जण सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर काढतात. दोन्ही गाल तंतोतंत सारखे येतात. पण चष्मेवाल्याला फोम बरा, आतून काड्यांपुरता खोदता येतो. जबडा इलॅस्टिकवर, हनुवटीनं उघडणारा. नाकाच्या पोकळीत संगणकात असतो तसला छोटा पंखा, फोनच्या पॉवर बँकवर चालणारा. तो नसेल तर चष्म्यावर वाफ धरते. डोळ्यांना रंगवलेली जाळी. बाहेरून बघणाऱ्याला बुबुळ दिसतं, आत अंधार असल्यानं आतल्याला बाहेरचं दिसतं. जाळीचा काळा भाग सगळ्यात चांगला दिसू देतो, पांढरा सगळ्यात कमी.

डोक्याच्या बैठकीला तो आला तेव्हा मी त्याला तक्त्यातली कोरी जागा दाखवली. “हातांनी काय करणार?”

“तुम्हाला विचित्र वाटेल,” तो म्हणाला. “माझी बहीण ऐकू न येणारी आहे. आम्ही हातांनी बोलतो. संमेलनाला आम्ही बरोबर जातो. हा घातल्यावर तिच्याशी बोलणं बंद होऊ नये, एवढंच.”

विचित्र कसलं, अर्धं काम पुन्हा काढावं लागलं. चित्रात पंजे कार्टूनसारखे होते: तीन जाड बोटं आणि अंगठा, म्हणजे माणसाची दोन बोटं एका कप्प्यात. आत कापूस भरलेला. त्यांनी हात हलवता येतो, बोलता येत नाही. पाच बोटं करायची, भरण जवळजवळ काढून टाकायचं आणि बोटांवर लांब लवेऐवजी आखूड लवेचं मऊ मिंकी वापरायचं, हे तर लगेच ठरलं. पण चित्रात हात कोपरापासून काळे होते. आणि पट्टेरी तरसाच्या गळ्यावर मोठा काळा डाग असतो, तो तर त्याची खूण. अमेरिकन खुणांच्या भाषेत बरंचसं बोलणं छातीसमोर होतं. काळ्यासमोर काळे हात हलले तर बहिणीला काय दिसणार? ऐकू न येणाऱ्यांसाठी दुभाषाचं काम करणारे लोक हातांच्या रंगाला उठाव देईल असा एकरंगी सदरा घालतात, हे तोच म्हणाला. गळ्याचा डाग त्याला हवाच होता. म्हणून हात फिकट राखाडी केले, काळा रंग मनगटावरच्या दोन पट्ट्यांपुरता ठेवला, आणि डाग हसळीच्या हाडापाशी संपवला.

मग डोळे. त्याला बहिणीचे हात दिसायला हवेत, तेही छातीच्या उंचीवरचे. मालकिणीनं कोरलेले डोळे लहान, तिरपे, जरा धूर्त होते. दिसायला फार सुरेख. ते मोठे करायचे म्हटल्यावर ती गप्प झाली. मी तिच्या जागी असते तर मीही झाले असते. तिनं बुबुळं मोठी आणि काळी केली, पांढरा भाग अगदी कडेला ठेवला, आणि उघड्या तोंडात जिभेमागं काळी जाळी लावली, म्हणजे खाली बघता येतं. तरसाचा चेहरा आधीपेक्षा भोळा झाला. तो म्हणाला, बरंच झालं, इतर लोक तरसाला घाबरतात.

भुवयांचं मात्र काही करता आलं नाही. त्या भाषेत भुवया वर जाणं हे हो-नाहीच्या प्रश्नाचं व्याकरण आहे. फोमच्या कपाळाला प्रश्न विचारता येत नाही. तो म्हणाला, मी डोकं पुढं झुकवीन, तिला कळेल.

कच्च्या टाक्यांवर पंजे आणि डोकं तयार झालं तेव्हा मी त्याला बहिणीला घेऊन यायला सांगितलं. आरशातलं दिसणं त्यानं ठरवावं, पण हातांची पारख तिची. ती आली, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि त्याला बोलायला लावलं. खुणा तिला कळत होत्या. ‘आई’ची खूण हनुवटीशी होते आणि ‘बाबा’ची कपाळाशी, तरसाची हनुवटी माणसाच्या हनुवटीच्या वीतभर पुढं, त्यामुळं त्याचा अंगठा पहिल्यांदा जबड्यावर आपटला. तिला हसू आवरेना. दोन-चारदा केल्यावर त्याला नवीन जागा सापडली.

अडलं ते अक्षरांशी. नावं बोटांनी एकेक अक्षर करून सांगतात, आणि ए, एस, टी, एन, एम ही सगळी अक्षरं मिटलेल्या मुठीची. फरक फक्त अंगठ्याचा: बाजूला, पुढून आडवा, पहिल्या दोन बोटांच्या मध्ये, दोन बोटांखाली, तीन बोटांखाली. लवेच्या मुठीत पाचही सारखी. तिनं मान हलवली, माझ्याकडे वळली, टेबलावरच्या तुकड्यांतून पोटाच्या कापडाचा पिवळसर पांढरा तुकडा उचलला आणि आपल्या अंगठ्याभोवती गुंडाळून दाखवला. भावानं भाषांतर करायची गरज पडली नाही.

त्याला पटायला वेळ लागला. त्याच्या तरसाचे अंगठे कधीच पांढरे नव्हते. दहा-बारा वर्षांची त्याची ओळख. तो डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला, ती समोर हाताची घडी घालून. मी यात पडले नाही. मग त्यानं एक पंजा माझ्यापुढं केला.

एकाच हाताचा अंगठा बदलून बघू म्हटलं. उजव्याचा, कारण अक्षरं तो त्याच हातानं करतो. बोटांच्या मधल्या शिवणी हातानंच शिवाव्या लागतात, मशीनचा पाय तिथं शिरत नाही. ती दोघं कोपऱ्यावरून कॉफी घेऊन येईपर्यंत झाला. त्यानं पंजा चढवला आणि तिच्या नावाची अक्षरं केली. ए दिसला, एस दिसला. टी आणि एन यांच्यात ती अजून घोटाळली. तिनं जवळ येऊन अंगठ्याचं टोक चिमटीत धरलं आणि बोटानं दाखवलं: एवढा बारीक. मी तिच्या बोटाच्या जागी खडूची खूण केली आणि टाके उसवायला घेतले.